खीर किंवा मत

परवा ताराने फोनवर फोटो पाठवला. विजेच्या खांबावर उंच टांगलेलं पोस्टर, त्यावर हसणारी तारा आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'रंगारी'. मागे हिरवी टेकडी, दोन-चार मेंढ्या आणि कधीही कोसळेल असं आभाळ. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका काउंटीत आमची ही पोरगी कौन्सिलच्या निवडणुकीला उभी आहे. जन्म लंडनजवळच्या स्लाऊचा, नोकरी तिकडे फिजिओथेरपीची, नवराही तिकडचाच. समोर कोण कोण आहे तेही तिने कळवलं होतं. एक खाटीक, एक रिटायर्ड हेडमास्तर, फुटबॉल खेळून साऱ्या गावाचा लाडका झालेला एक गडी, आणि एक शेतकरी, ज्याचा बाप आणि आजोबा दोघेही त्याच कौन्सिलवर होते. "सगळ्यांना वाटतं तारा आयरिश नाव आहे, सो दॅट हेल्प्स," असं पुढे लिहिलं होतं.

आणि त्याखाली खरी गोष्ट. "विद्याकाकू, बुद्ध पौर्णिमा या वर्षी पोलिंगच्या आधी येतो. आजीचा खीर मी इथे वाटू का नको? तुम्ही तेव्हा बरोबर होता. नीट सांगा ना."

तिची पौर्णिमा येतो आणि तिचा खीर. तिला तोंडावर हसायचं नाही असा मी कानाला खडा लावला आहे, पण मनातल्या मनात हसते. असो. एवढी मोठी गोष्ट फोनवर टाइप करणं माझ्या अंगठ्यांना जमायचं नाही, म्हणून बसून लिहिते आहे. तारासाठी म्हणून सुरू केलं खरं, पण तिची आजी वत्सलाताई रंगारी यांच्याबद्दल लिहायला मला निमित्तच हवं होतं.

आम्ही स्लाऊला राहायला आलो तो मे महिना होता आणि तरी थंडी वाजत होती. नवरा नोकरीला बेसिंगस्टोकला, उजाडायच्या आत घराबाहेर. घरभर न उघडलेली खोकी, आणि मी सांगलीची, म्हणजे तोंडाने फटकळ पण एकटं राहायची सवय शून्य. दुपारी बेल वाजली. दारात एक ठेंगणी बाई. पांढरी साडी, वर नेव्ही ब्लू कार्डिगन, पायात ट्रेनर्स आणि मागे चाकांची शॉपिंग ट्रॉली. ट्रॉलीत भाजी नव्हती. टॉवेलात गुंडाळलेला भला मोठा गंज होता. गंज म्हणजे नागपूरकडचं पातेलं, हेही मला त्या दिवशीच कळलं.

"मी वत्सला रंगारी. समोरच्या घरात राहते. भंडाऱ्याची. आम्ही बौद्ध आहो. आज पौर्णिमा, खीर आणली आहे. खाणार का?"

नाव, आडनाव, गाव, धर्म, सगळं आधी. वाटी नंतर. आडनाव ऐकलं की आपल्याकडे डोक्यात काय काय चाकं फिरायला लागतात ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि ताईंना तर चांगलंच माहीत होतं. त्यांनी वाटी भरली, माझ्या हातात दिली आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी पहिला चमचा तोंडात घालेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मला सकाळपासून भूक लागलेली. मी उंबऱ्यातच उभ्याने वाटी संपवली आणि आणखी आहे का विचारलं. ताईंनी ओगराळं परत गंजात घातलं आणि म्हणाल्या, "तू टिकशील इथे."

मग कळलं की ही खीर एकट्या माझ्यासाठी नव्हती. आख्ख्या रस्त्यासाठी होती. दर वैशाख पौर्णिमेला ताई पहाटे उठून तांदळाची खीर करायच्या, वेलदोडा आणि चारोळी घालून, आणि ट्रॉली ओढत दारोदार जायच्या. शेजारची ब्रिजेट, आयर्लंडहून तरुणपणी नर्स म्हणून आलेली विधवा. कोपऱ्यावरचे गिल अंकल आणि त्यांचं भरलेलं घर. पलीकडे पोलंडचा मारेक, प्लंबर. मधल्या घरांत कोण कोण येऊन जाऊन असायचं. ताई कोणाला वगळायच्या नाहीत. गिल अंकल तर सकाळपासून खिडकीचा पडदा सरकवून बघत बसायचे की ट्रॉली कुठवर आली.

ताईंची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली होती, आणि लॅब त्यांच्या घरातही शिरली होती. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर लेबल, त्यावर पदार्थ, तारीख आणि सही. मी एकदा नुसती चिंचेची चटणी नेऊन दिली, तर माझ्यासमोर तिच्यावरही लेबल चिकटलं. हॉलमध्ये रेडिएटरच्या वर बाबासाहेबांचा फोटो होता आणि रविवारी त्याच हॉलमध्ये स्लाऊ, मेडनहेडची बौद्ध मंडळी वंदनेला जमायची. कार्डिगनला इस्त्री करणारी बाई मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली. कोणी रडगाणं घेऊन आलं की त्या विचारायच्या, "मग तू काय करून राहिली?" आपण काहीच करत नसलो की तो प्रश्न फार बोचायचा. आणि कौन्सिलबद्दल कोणी तक्रार केली की ठरलेलं वाक्य, "लेखी माग त्यांच्याकडून."

रिटायर झाल्यावर त्या स्वतःच कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. अपक्ष. पहिल्यांदा सपाटून आपटल्या. दुसऱ्यांदा जरा कमी आपटल्या. मी म्हटलं, "अहो ताई, या वयात कशाला ही उठाठेव? नातीला खेळवा." तर मला म्हणाल्या, "नात मेडनहेडला शाळेत जाते. तिला कोणी खेळवायची गरज नाही. मला त्या खुर्चीवर बसायचं आहे." इतकं स्पष्ट. समाजसेवा, लोकाग्रह, असलं काही नाही. मला बसायचं आहे. मला ते फार आवडलं.

तिसऱ्या वेळी मात्र हवा वेगळी होती. अनेक वर्षं निवडून येणारे कौन्सिलर हार्डिंग लोकांना नकोसे झाले होते. माणूस वाईट नव्हता, पण चार वर्षांत एकदा तोंड दाखवलं तर दाखवलं. ताईंची निवडणूक एजंट होती रश्मी, इथेच जन्मलेली, मेडनहेडला सॉलिसिटर. हुशार बाई, मराठी मोडकं पण बोलायची हौस दांडगी. तिने आम्हाला प्रचार शिकवला. एका दाराला दोन मिनिटं. हसा, पत्रक द्या, पुढे चला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्याच दारात म्हणाल्या, "पाणी मिळेल का प्यायला?"

प्रत्येक दारात पाणी. मला वाटलं तहान लागली असेल. पण तिसऱ्या घरी पाणी, चौथ्या घरी पाणी. आता एवढं पाणी प्यायल्यावर व्हायचं तेच झालं. पाचव्या घरी ताईंनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. मी रस्त्यावर पत्रकं धरून ओशाळून उभी. रश्मी घड्याळ बघून कपाळाला हात लावते आहे. पाऊण तासाने ताई बाहेर आल्या त्या घरातल्या बाईला मिठी मारून. आणि चालता चालता मला म्हणाल्या, "बाथरूमचा पंखा बंद आहे. छतावर काळी बुरशी. लेकरू खोकते आहे, आणि घरमालक म्हणतो खिडकी उघडा. लिहून घे."

असा सगळा वॉर्ड झाला. हॉलमध्ये सोफा छान असतो हो, पण घराची खरी तब्येत बाथरूममध्ये कळते, आणि ताईंनी आख्ख्या वॉर्डाची बाथरूमं पाहिली. कोणत्या मालकाच्या घरात ओल आहे, कोणाचा बॉयलर थंडीत बंद पडतो, सगळं. लोक आता आपणहून बोलवायला लागले. गिल अंकल रस्त्यात मला म्हणाले, या वेळी बहनजी आल्या म्हणून समजा. खुद्द हार्डिंग ताईंना भेटून "तुम्ही मला घाम फोडलात" असं म्हणून गेले. रश्मी रोज हिशोब करायची आणि म्हणायची, "मावशी, धिस टाइम आपण जिंकतो." ताईंनी नवीन कार्डिगन आणलं. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आणि त्या वर्षी वैशाख पौर्णिमा आली मतदानाच्या बरोबर आधी.

ताईंच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी होतो. ताई तांदूळ निवडत होत्या. रश्मीने किती तांदूळ आहेत ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, हा खीर स्ट्रीटमध्ये देणार? नो, नो. हे ट्रीटिंग होईल."

मतदारांना खाऊपिऊ घालून मत मिळवणं हा इथे गुन्हा आहे, त्याला ते ट्रीटिंग म्हणतात. रश्मीने शांतपणे समजावलं. तुमच्या मनात तसं नाही हे मला माहीत आहे, कदाचित कोर्टातही काही होणार नाही, पण कोणी नुसती तक्रार केली तरी निवडून आल्यावर सीट धोक्यात. एक आठवडा थांबा. मतदान होऊ दे, मग टँकरभर खीर वाटा. मीही मान डोलावली. मला तर अगदी सरळ हिशोब दिसत होता.

"पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे का?" ताईंनी विचारलं.

"मावशी, बुद्धा वोन्ट माइंड."

"त्यांचं जाऊ दे. मला चालणार नाही."

मग त्यांनी तांदळाची परात बाजूला सारली आणि वडिलांची गोष्ट सांगितली. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात वडील पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले होते. छोटी वत्सला बोट धरून बरोबर. प्रत्येक अंगणात बाहेर उभं राहायचं, आत यायला कोणी म्हणायचं नाही. उन्हाळा, जीव कासावीस, पण पाणी घ्या असं एका घराने म्हटलं नाही. वडिलांनी विड्याचं पान पुढे केलं तर कोणी हात लावला नाही. सगळे म्हणायचे, मत देऊ, मत देऊ. "मत पण नाही दिलं," ताई म्हणाल्या. "पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. मला म्हणाले, पोरी, मतं गेली त्याचं दुःख नाही. आपल्या हातचं पान कोणी घेतलं नाही, त्याचं आहे."

मला उगाचच नळ बंद करावासा वाटला, तो बंदच होता.

"या रस्त्यावर सगळे माझ्या हातचं खातात," ताई म्हणाल्या. "ते मी मतासाठी बंद करू? मग बापाच्या आणि माझ्या निवडणुकीत फरक काय राहिला?"

रश्मीचे डोळे भरले होते, पण वकील ती वकीलच. म्हणाली, "ओके. मग दोन्ही नाही मिळणार. एकच." ती रागाने म्हणाली होती, पण ताईंनी तेच उचललं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एकच."

पौर्णिमेच्या दुपारी पांढरी साडी, ट्रेनर्स, ट्रॉली, गंज. मी वाट्या घेऊन मागे. पहिलं घर ब्रिजेटचं. ताईंनी बेल वाजवली आणि सरळ उभ्या राहून इंग्रजीत सांगितलं, ते मी माझ्या मराठीत लिहिते. "ब्रिजेट, आज पौर्णिमा, खीर आणली आहे. पण मी निवडणुकीला उभी आहे. म्हणून एकच मिळेल. खीर खाणार असशील तर मला मत देऊ नकोस. मत देणार असशील तर खीर घेऊ नकोस. मर्जी तुझी."

ब्रिजेट चष्म्यावरून ताईंकडे बघत राहिली. मग गंजाकडे. "भर वाटी," ती म्हणाली.

मी वाटी पुढे केली. पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच. गिल अंकलनी तर सगळं ऐकून दोन्ही हात जोडले आणि घरातल्या सगळ्यांसाठी वाट्या मागवल्या, सून, मुलगा, जावई, सगळे मतदार. मी ताईंच्या कानाशी लागले, "अहो ताई, तुम्ही खीर नाही, मतं वाटताय. बास करा." ताई अगदी निवांत. "अगं, लोक खीर पण खातील आणि मत पण देतील. तोंडावर सांगायचं ते आपण सांगितलं. एवढं कोण मनावर घेतो?"

फक्त एका माणसाने खीर नाकारली. मारेक प्लंबर. तो दारात हातात स्पॅनर घेऊन उभा होता, त्याने गंजात डोकावून बघितलं, वास घेतला, आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "नो. आय वोट." आणि दार लावून घेतलं. खिडकीतून मात्र आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत ट्रॉलीकडे बघत होता. आम्हाला हसू आवरेना.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलच्या क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये मोजणी झाली. बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलं मांडलेली. ताईंनी नवीन कार्डिगन घातलं होतं. सगळ्या वॉर्डात ताईंच्या नावाच्या गड्ड्या चढत होत्या, ज्या गल्ल्यांतली बाथरूमं त्यांनी पाहिली तिथे तर भरभरून. पण हार्डिंग थोडक्यात जिंकले. अगदी थोडक्यात. परत मोजलं, तरी तेच. ताईंनी हार्डिंगशी हात मिळवला, अभिनंदन केलं, आणि गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावता लावता त्यांचा हात थांबला तो थांबलाच. बेल्ट मी लावून दिला.

घरी आलो तर गिल अंकल फाटकाशी उभे. चेहरा फुललेला. "बहनजी, आम्ही शब्द पाळला," ते म्हणाले. "घरातल्या एकानेही तुम्हाला मत दिलं नाही. जावई देत होता, मी त्याला पोलिंग स्टेशनच्या बाहेर समजावलं. खाल्लेल्या खिरीशी बेइमानी नाही करायची." त्यांना निकाल माहीतच नव्हता. त्यांना वाटत होतं, ताई काय आरामात येणार. मागोमाग ब्रिजेट आली. तीही तेच म्हणाली, फक्त तिचा आवाज बारीक होता, कारण तिने रेडिओवर ऐकलं होतं. एकेक जण येत गेला. ज्याने खाल्ली त्याने नाही दिलं. आख्ख्या रस्त्याने. एवढं कोण मनावर घेतो म्हणणाऱ्या बाईचं बोलणं रस्त्याने अक्षर न् अक्षर मनावर घेतलं होतं.

गिल अंकलना खरं कळलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची पगडी दोन्ही हातांनी धरली आणि पायरीवर बसले.

ताई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. मग रडल्या. लपवून नाही, सगळ्यांसमोर, कार्डिगनच्या बाहीला डोळे पुसत. त्यांना ती खुर्ची हवी होती हो. फार हवी होती. मी त्यांचा खांदा धरला, आणि मला वाटलं आता या कोणावर तरी ओरडतील, निदान माझ्यावर. तर रडतच त्यांना हसू फुटलं. "विद्या," त्या म्हणाल्या, "माझ्या बापाच्या हातचं कोणी खाल्लं नाही, आणि मत दिलं नाही. माझ्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, म्हणून मत दिलं नाही." आणि मग नाक पुसून, "चाललं आहे आपलं पुढे."

हे मी ब्रिजेटला इंग्रजीत सांगितलं, नीट सांगता आलं नाही, पण तिला कळलं. ती म्हणाली, आमच्याकडे असतं तर ही वेळ आली नसती. आयर्लंडमध्ये एका नावापुढे फुली मारून मोकळं व्हायचं नसतं, आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात. "तू मला पहिला नंबर द्यायला मना केलं होतंस," ती ताईंना म्हणाली. "दोन नंबर मी तुला नक्की दिला असता. खीर दोन नंबरच्या लायकीची होतीच." त्यावर गिल अंकलसुद्धा हसले.

तेवढ्यात मारेक आला. हातात रिकामी वाटी. त्याने मत दिलं होतं. "आता मिळेल का?" त्याने विचारलं. खीर तर केव्हाच संपली होती. ताईंनी त्याला आत नेलं, दूध तापत ठेवलं, आणि एका माणसापुरती खीर केली. आम्ही बाकीचे बाहेर उभे राहिलो. कोणाची आत जायची हिंमत झाली नाही.

त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. गुडघे गेले होते. पण गंमत बघा, हार्डिंग दर महिन्याला त्यांच्याकडे चहाला यायला लागले. ताई सांगायच्या कोणाच्या बाथरूमचा पंखा बंद आहे, कोणाच्या छताला बुरशी आहे, आणि हार्डिंग खाली मान घालून लिहून घ्यायचे. मी एकदा चेष्टेत म्हटलं, ताई, खुर्ची त्याची आणि कौन्सिलर तुम्ही. त्यांना ते आवडलं नाही. "खुर्ची ती खुर्चीच," त्या म्हणाल्या. त्यांनी ते दुःख कधी गोड करून घेतलं नाही, आणि म्हणूनच मला त्या आणखी मोठ्या वाटतात. खीर मात्र दर वैशाख पौर्णिमेला निघायची. शेवटी शेवटी ट्रॉली मारेक ओढायचा आणि ताई काठी टेकत मागून.

तर तारा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथल्या वकिलाला विचार, आणि लेखी माग. पण खीर केलीस तर दारात उभी राहून आधी आडनाव सांग. पोस्टरवर आहेच, तरी तोंडाने सांग. तुझी आजी आधी आडनाव सांगायची, मग वाटी पुढे करायची, आणि समोरचा खाईपर्यंत हलायची नाही. बाकी तुमच्याकडे दोन नंबरची सोय आहे. ती तिला मिळाली नाही.

ताईंना मी शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलात, तेव्हाही वैशाख पौर्णिमाच होती. तूही होतीस, आयर्लंडहून त्याच सकाळी आलेली, खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली, म्हणून हे तुला माहीत नाही. मी छोट्या डब्यातून खीर नेली होती. डब्यावर लेबल लावलं होतं, पदार्थ, तारीख, सही, नाहीतर बोलणी खावी लागली असती. ताईंना एक चमचासुद्धा गेला नाही. ओठांना लावली फक्त. मग रक्तदाब बघायला नवीन नर्स आली, घानाची, कोवळी मुलगी, सकाळपासून उभी असावी. ताईंनी उशीवरून मान वळवली आणि अगदी हळू पण नीट तिला सांगितलं, मी वत्सला रंगारी, भंडाऱ्याची, आम्ही बौद्ध, आज पौर्णिमा, ही खीर आहे, खाणार का?

ती संकोचली. पेशंटकडून आम्ही काही घेत नाही, नियम आहे, असं ती म्हणाली.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत तोच जुना मिस्किलपणा. म्हणाल्या, "सांग तिला, विद्या. बिनधास्त खा म्हणावं. मी आता कुठेच उभी नाही."